नुसता सराव

आमचा धंदा टॉवेलचा. सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझा सोळा मागांचा लहानसा कारखाना आहे. या वसाहतीत नवखा माणूस आला की आधी दोन्ही कानांवर हात ठेवतो. आम्हाला मात्र तो खडखडाट ऐकूच येत नाही. उलट वीज गेली आणि पत्र्याच्या शेडमधले माग एकदम थांबले, की आम्ही दचकतो. माझ्या पत्नीची तक्रार अशी की, मी घरातही मागापाशी उभा असल्यासारखा ओरडून बोलतो. ते खरे असेल. पण आज सांगायची आहे ती हकीकत ओरडून सांगण्यासारखी नाही.

माझी थोरली बहीण अक्का, भाऊजी गेल्यापासून आमच्याकडेच असते. तिचा एकुलता एक मुलगा सैन्यात कॅप्टन आहे. सोलापूरच्या मुलाने फार तर यंत्रमाग काढावा किंवा पुण्याला जाऊन नोकरी धरावी, असा आमच्या नातलगांचा समज. या पोराने दोन्ही केले नाही. २०२४ च्या पावसाळ्यात त्याचा फोन आला, "मामा, नाशिकला चाललोय. हेलिकॉप्टर शिकायला."

नाशिक रोडच्या गांधीनगरला सैन्याची हवाई शाळा आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. 'कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल' असे तिचे लांबलचक नाव. ही शाळा २००३ सालापासूनची, आणि सैन्याची स्वतःची हवाई शाखा १ नोव्हेंबर १९८६ ची. याच नाशिकच्या शाळेतून मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक ही पहिली महिला लढाऊ हेलिकॉप्टर वैमानिक होऊन बाहेर पडली. ही सारी माहिती मी दोन दिवसांत गोळा केली आणि भेटेल त्याला ऐकवू लागलो. भाचा शिकायला निघाला आणि मामाच हवेत तरंगू लागला!

अक्का मात्र गप्प होती. तिला धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "अगं, तो काय लढाईवर चाललाय? नुसता सराव आहे."

हे वाक्य मला इतके आवडले की पुढे कितीतरी वेळा मी ते वापरले. शेजारी विचारीत, व्यापारी विचारीत. माझे उत्तर ठरलेले, 'नुसता सराव आहे.' त्या 'नुसता' या शब्दाची मला आता लाज वाटते. ती का वाटते, हे सांगण्यासाठीच हा लेख.

५ जानेवारी २०२५, रविवार. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची गावात तयारी चालली होती. दुपारी टीव्हीवर बातमी आली की, पोरबंदरच्या विमानतळावर तटरक्षक दलाचे 'ध्रुव' हेलिकॉप्टर कोसळून पेटले. नेहमीचे सरावाचे उड्डाण होते. मी घाईने आवाज कमी केला, पण अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"किती होते रे आत?" तिने विचारले.

"तिघं. पण अक्का, ते तटरक्षक दलाचं आहे. आपलं नाही."

ती काही बोलली नाही. आतल्या खोलीत गेली, आणि तिच्या ट्रंकेचे झाकण वाजले. आता ही ट्रंक कशाला उघडते आहे, असे माझ्या मनात आले आणि मी चॅनेल बदलले.

त्या दिवसापासून मी वर्तमानपत्रे आधी स्वतः पाहू लागलो. तसली बातमी असली की ते पान कारखान्यात नेऊन ठेवायचे. अक्काने कधी विचारले नाही, की आजचे मधले पान कुठे आहे. मला वाटे, मी तिला छान सांभाळतो आहे.

जून महिन्यात भाचा सुटीवर आला. छातीवर वैमानिकाचे पंख लागले होते. अक्काने त्याच्या आवडीची शेंगाची चटणी आणि कडक भाकरी केली. जेवणे झाल्यावर माझ्या मुलीने हट्ट धरला, "दादा, हेलिकॉप्टर कसं चालवतात ते दाखव." स्वारी लगेच स्वयंपाकघरात पाटावर बसली. उजव्या हातात लाटणे, डाव्या हातात पळी, दोन्ही पायांखाली दोन ताटल्या.

"ही पळी वर केली की हेलिकॉप्टर वर जातं. लाटणं जिकडे झुकवाल तिकडे ते झुकतं. पायांनी नाक डावी-उजवीकडे वळवायचं. एक हलवलं की उरलेली दोन्हीही सावरावी लागतात. पहिले काही दिवस एका जागी तरंगत राहणंसुद्धा जमत नाही. शिकवणारे शेजारी शांत बसलेले असतात, आणि आपण घामाघूम."

आम्ही सारे हसत होतो. मग तो म्हणाला, "आता समजा, इंजिन बंद पडलं."

त्याने पळी एकदम खाली आणली. अक्काचा ओटा पुसणारा हात थांबला.

"पहिल्या एक-दोन सेकंदांत ही खाली गेलीच पाहिजे. मग खाली पडताना जी हवा वर येते, तीच पाती फिरवत ठेवते, भिरभिरं फिरतं तशी. जमिनीजवळ आलं की नाक वर उचलून वेग मारायचा, आणि अगदी शेवटी पळी वर ओढायची. त्या फिरणाऱ्या पात्यांत जेवढी शक्ती शिल्लक असेल तेवढ्यावर उतरायचं. एकदाच. दुसऱ्यांदा ओढायला काही उरत नाही."

"आणि हे तुम्ही शिकता कसे?" मी विचारले.

"करून. शेजारी बसलेले गुरुजी न सांगता इंजिनाची शक्ती कमी करतात."

मी आयुष्यभर यंत्रांशेजारी उभा राहिलो आहे. आमच्या मागाला एक काटा असतो. बाण्याचा धागा तुटला की तो काटा ओळखतो आणि माग आपोआप थांबतो. नवशिक्या पोराची चूक झाली तर टॉवेलवर एक रेघ पडते, जॉबर दोन शिव्या देतो आणि माग पुन्हा सुरू होतो. हेलिकॉप्टरला असा काटा नाही. तेथे थांबणे हाच अपघात.

भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली. नाशिकला ज्या 'चीता' हेलिकॉप्टरवर शिकवतात, ते मूळचे फ्रान्सचे 'लामा'. १९७० च्या दशकापासून बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते आपल्याकडे बांधले. २१ जून १९७२ रोजी झाँ बूले नावाच्या फ्रेंच वैमानिकाने ते 'लामा' १२,४४२ मीटर उंचीवर नेऊन जागतिक विक्रम केला. म्हणजे एव्हरेस्टच्याही साडेतीन किलोमीटर वर. आणि तेथे, त्या भयंकर थंडीत, त्याचे इंजिन विझले. तेवढ्या उंचीवरून तो माणूस इंजिनाशिवाय, नुसत्या फिरत्या पात्यांवर सुखरूप खाली आला.

"त्याला जमलं," मी म्हणालो, "मग तुम्हा लोकांना अपघात का होतात?"

"मामा, त्याच्याजवळ उंची होती. उंची म्हणजे वेळ. आमचं शिकणं बहुतेक जमिनीलगत, झाडं, डोंगर, तारा यांच्यामध्ये. १९६३ च्या नोव्हेंबरात पूंछजवळ एक हेलिकॉप्टर तारांना अडकलं. त्यात दोन लेफ्टनंट जनरल आणि एक एअर व्हाइस मार्शल धरून सहा जण गेले. आम्हाला पहिल्यापासून शिकवतात, तार दिसत नाही, खांब शोधा. आणि खरं सांगू? माझ्यापेक्षा शेजारच्या गुरुजींचं काम कठीण. मी चूक केल्याशिवाय शिकत नाही, म्हणून त्यांनी थांबायचं. फार लवकर हात घातला तर मी कच्चा राहतो. फार उशिरा घातला तर..."

त्याने वाक्य पुरे केले नाही. लाटणे आणि पळी जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर कारखान्यात आला. महिन्याभरापूर्वी, १८ मे २०२५ च्या पहाटे, आमच्याच वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागून आठ माणसे गेली होती. त्यांत एक लहान मूलही होते. सगळी वसाहत त्या धक्क्यातून अजून सावरली नव्हती. सूत, कापूस, तयार माल. आमच्या धंद्यात सारेच पेट घेणारे. भाच्याने माझी शेड हिंडून पाहिली आणि विचारले, "मामा, आग लागली तर सगळे बाहेर किती वेळात येतात?"

"तशी वेळ आलीच नाही रे देवाच्या दयेने."

"वेळ आल्यावर नाही विचारत. कधी करून पाहिलंय?"

मी हसलो. म्हणालो, "इथे चौदा माणसं, दोन दारं. समोरून यायचं नाहीतर मागून. नुसता सराव करून काय होणार आहे?"

माझ्या तोंडून तो शब्द सवयीने निघून गेला. भाच्याने माझ्याकडे पाहिले, रागाने नव्हे. आपल्या घरातल्या माणसाला आपले काम कळलेले नाही, हे समजल्यावर माणूस जसा पाहतो, तसे. मग तो जॉबरशी मागाबद्दल काहीतरी बोलू लागला.

चार दिवसांनी तो गेला. त्या रात्री अक्का माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या हातात शंभर पानी वही होती.

"पोरगं सांगत होतं, तू माझ्यापासून पेपर लपवतोस म्हणून," ती म्हणाली. 'पोरगं' म्हणजे माझी मुलगी. "लपवू नकोस. मला तारखा चुकतात मग."

मी वही उघडली. पुढच्या पानांवर दुधाचा आणि वाण्याचा हिशेब होता. मागच्या बाजूने, वही उलटी धरून, तिने दुसराच हिशेब लिहिला होता. तिच्या वळणदार अक्षरात. जुन्या बातम्या माझीच मुलगी तिला मोबाइलवर शोधून देत असे. म्हणजे मी पाने लपवीत होतो आणि माझ्याच घरात त्यांची नक्कल चालली होती.

१ ऑक्टोबर २०१४. बरेली. चीता. उड्डाणानंतर थोड्याच वेळात. तिघे अधिकारी. त्याखाली: २०१५ मध्ये वैमानिकांच्या बायका संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांना भेटल्या, जुनी हेलिकॉप्टरे बंद करा म्हणाल्या.

२७ सप्टेंबर २०१९. भूतान, योंगफुला. चीता. आपले लेफ्टनंट कर्नल रजनीश परमार, आणि आपल्या सैन्याबरोबर शिकणारा भूतानचा कॅप्टन काल्झांग वांगदी. 'त्याच्या आईलाही आपली भाषा कळत नसेल,' असे समासात लिहिले होते.

३ ऑगस्ट २०२१. पठाणकोटजवळ रणजित सागर धरण. सरावाचे उड्डाण. लेफ्टनंट कर्नल अभीत सिंग बाठ आणि कॅप्टन जयंत जोशी. येथे तिने बरेच लिहिले होते. ते धरणाचे पाणी पंचवीस किलोमीटर लांब आणि पाचशे फुटांहून खोल. बाठ सापडले १५ ऑगस्टला. नौदलाचे पाणबुडे आले, पाण्याखाली पाहणारी यंत्रे आली, आणि शोध चालूच राहिला. जोशी सापडले १७ ऑक्टोबरला. त्यापुढे अक्काने बोटांवर मोजून लिहिले होते: ७५ दिवस. त्या आकड्याभोवती पेनाने गोल काढला होता.

२१ सप्टेंबर २०२१. जम्मूकडे पटनीटॉप. चीता. सरावाचे उड्डाण. मेजर रोहित कुमार, मेजर अनुज राजपूत.

या नोंदीची तारीख मी पुन्हा वाचली. त्या दिवशी जयंत जोशींचा शोध अजून चालू होता.

आणि शेवटी, ५ जानेवारी २०२५, पोरबंदर. त्या दुपारी ट्रंकेचे झाकण का वाजले होते, ते आता मला कळले. तिघांची नावे लिहिली होती. पुढे वेगळ्या शाईने: 'स्वॉशप्लेट नावाचा भाग तुटला असे तपासात म्हणतात. वैमानिकाच्या हाताचे म्हणणे पात्यांना कळवणारी तबकडी. देशातली सुमारे ३३० ध्रुव हेलिकॉप्टरे त्यानंतर जमिनीवर ठेवली.'

ज्या अपघाताला मी 'आपलं नाही' म्हणालो होतो, त्याची इतकी नीट नोंद आमच्याच घरात झाली होती.

"अक्का, हे कशाला लिहितेस?" मला दुसरे काही सुचले नाही. "याने जीवाला त्रास नाही का होत?"

"लिहिलं नाही तर जास्त होतो," ती म्हणाली. "आता हे बघ. यांतला एकही जण लढाईत गेला नाही. लढाईत गेला की गावात चौक होतो, शाळेत फोटो लागतो. आणि सरावात गेला की लोक म्हणतात, अरेरे, नुसत्या सरावात गेला. जणू पोरगं फुकट गेलं. मी विचार केला, आपल्या घरातून एक पोरगं हेच शिकायला गेलंय. आपण तरी त्यांना फुकट जाऊ देऊ नये. नावं तरी पाठ असावीत."

थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "तूही तेच म्हणतोस. नुसता सराव. मला धीर द्यायला म्हणतोस, कळतं मला. पण त्याच्यासमोर म्हणू नकोस रे. त्याला वाईट वाटतं."

मंडळी, साठीला आलेल्या माणसाला घरात कोणी रागावत नाही. त्या रात्री अक्काही रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

मला झोप आली नाही. मी त्या सगळ्या नावांचा विचार करीत होतो. कोणी एकाने आपली चूक जिवाने मोजली असेल. पण बहुतेकांच्या बाबतीत चूक त्यांची होती असे तरी कोणी म्हणावे? कधी धुके, कधी जुने यंत्र, कधी एक तुटलेली तबकडी. त्या तबकडीमागेही आमच्यासारखीच माणसे असतात. कोणी ती घडवतो, कोणी तपासतो, कोणी 'ठीक आहे' म्हणून सही करतो. भाचा सांगत होता, अमेरिकेत अलाबामाच्या फोर्ट रकरला सैन्याचे हेलिकॉप्टर वैमानिक तयार होतात, आणि तिकडे त्यांच्या सैन्याचे 'फ्लाइटफॅक्स' नावाचे एक पत्रक निघते. कोणता अपघात कसा घडला, हे त्यात उघडपणे छापतात. कोणाला खाली पाहायला लावण्यासाठी नव्हे, पुढच्याला शिकता यावे म्हणून. माझ्या मनात आले, अक्काची वही हेच तर पत्रक आहे. फक्त त्याचा वाचक एकच होता. आता दोन झाले.

आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली. लढाईत संकट शत्रू आणतो. सरावात माणूस ते आपण होऊन बोलावतो. इंजिन चालू असताना ते बंद पडल्यासारखे करतो, शंभरदा, दोनशेदा, कारण एखाद्या दिवशी ते खरेच बंद पडेल आणि त्याच्यामागे जवान बसलेले असतील, किंवा पुरातून उचललेली बायका-मुले असतील. पुराच्या पाण्यातून दोराने उचललेली माणसे आपण सांगली-कोल्हापूरच्या बातम्यांत पाहतो आणि टाळ्या वाजवतो. तो दोर ज्याच्यामुळे स्थिर राहतो, त्याचा हात स्थिर झाला तो सरावात. त्या हाताची किंमत काही घरांनी भरलेली असते. टाळ्या वाजवणाऱ्यांना ती घरे ठाऊक नसतात, एवढेच.

सकाळी कारखान्यात गेलो आणि जॉबरना म्हणालो, "आज दुपारी घंटा वाजवणार आहे. वाजली की सगळ्यांनी आहे तसं टाकून बाहेर यायचं."

दुपारी घंटा वाजवली. माणसे एकमेकांकडे पाहून हसली. एक जण डबा घेऊन बाहेर आला, एक जण अर्ध्यातून मोबाइल आणायला परत गेला, एकाने चालू असलेला ठाण पुरा होईपर्यंत माग थांबवलाच नाही. चौदा माणसे बाहेर यायला साडेचार मिनिटे लागली. आणि मागचे दार? ते उघडलेच नाही. तयार मालाचे गठ्ठे मीच तेथे रचून ठेवले होते, आणि त्यांच्यामागे कडी गंजून बसली होती. दोन दारे आहेत, असे मी भाच्याला मोठ्या तोऱ्यात सांगितले होते. माझ्या कारखान्याला एकच दार होते. त्यादिवशी घंटा वाजवली नसती तर मला ते कळले नसते. आणि कळले असते ते केव्हा, याचा विचार मी पुढे केला नाही.

गठ्ठे हलवले. कडी बदलली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, आधी न सांगता, मी घंटा वाजवतो. आता चौदा माणसे दीड मिनिटाच्या आत रस्त्यावर असतात. डबा आतच राहतो. शेजारचे कारखानदार प्रथम थट्टा करीत. मग त्यांतल्या दोघांनी येऊन पाहिले आणि आपापली मागची दारे उघडून पाहिली.

अक्का अजून वही लिहिते. मी पेपर लपवत नाही. एखादे वेळी तारीख तिला मीच सांगतो, आणि मग आम्ही दोघे थोडा वेळ काही बोलत नाही. भाचा आता दूर डोंगराळ भागात असतो. फोन आला की ती त्याला जेवलास का, एवढेच विचारते. त्याचा आवाज ऐकला की पळी वर आहे, हे तिला कळते.

परवा पहिल्या तारखेला मी घंटेकडे निघालो, तेव्हा जॉबरने कपाळावरचा घाम पुसत विचारले, "मालक, नुसता सरावच आहे ना?"

माग धडधडत होते. मला नेहमीसारखे ओरडूनच बोलावे लागले.

"सराव आहे," मी म्हणालो, आणि घंटेची दोरी ओढली.